टेलपर्यंत

समस्त देवळाली प्रवराकरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या पाटकऱ्याच्या हृदयाची एक रक्तवाहिनी जन्मापासूनच डावीऐवजी उजवीकडून निघाली आहे!

कालव्याच्या चाऱ्यांतून उसाला पाणी सोडणारा हा माणूस. शेवटच्या वावरापर्यंत, म्हणजे टेलला, स्वतः चालत जाऊन पाण्यात हात घातल्याशिवाय "पोचलं" असं कधी म्हणणार नाही.

अँजिओग्राफीत हे निघालं तेव्हा सोबत मीच होतो. आता याची छाती उघडणार, असं मी धरूनच चाललो. तो मात्र स्क्रीनला नाक लावून बसला.

"साहेब, टेलला रगत पोचतंय का, तेवढं दावा."

डॉक्टरांनी चित्रण तीनदा फिरवलं. "पोचतंय की, अगदी शेवटपर्यंत. ऑपरेशन नको."

टोपी चढवत तो उठला. "मग चारी बरोबर हाय. नकाशा चुकलाय तुमचा!"