आधी शेपटी सांगा

वनखात्याच्या मदत केंद्रातला फोन उचलला की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "आधी शेपटी सांगा." नमस्कार नाही, नाव नाही, आपण कोण बोलताय नाही. त्यामुळे अख्ख्या खात्यात तिला शेपटीताई म्हणत. तोंडावर नुसतं ताई, पाठ फिरली की पूर्ण नाव. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचा राग यायचा, पण राग यायला तिच्याकडे त्याहून मोठी कारणं पुष्कळ होती.

मुख्य कारण म्हणजे फोन करणारी माणसं. त्यांच्या लेखी जगात एकच जंगली प्राणी होता, बिबट्या. कुंपणावरचा बोका बिबट्या, गटारातलं मुंगूस बिबट्याचं पिल्लू. घाबरलेला माणूस प्राण्याचं अंग दुप्पट करतो, त्याच्या डोळ्यांत निखारे पेटवतो, पण शेपटीत भर घालायचं कुणाला सुचत नाही. म्हणून शेपटी खरी, असा तिचा हिशेब होता.

"मॅडम, गॅरेजमध्ये बिबट्या शिरलाय! वाघाएवढा आहे!"

"शेपटी सांगा."

"आहे ना!"

"आहे हो, पण कशी आहे?"

"काळ्या-पांढऱ्या कड्या आहेत."

"पाय आखूड? तोंड निमुळतं? आणि बसलाय कुठे?"

"हो, हो. माळ्यावर बसलाय, जुन्या टायरांवर."

"जवादी मांजर आहे ते. उंदरांसाठी आलंय. दार उघडं ठेवा आणि बाजूला व्हा."

"पण मॅडम, अंगावर ठिपके आहेत!"

"ठिपके माझ्या नवऱ्याच्या शर्टावरही आहेत!" असं म्हणून ती फोन आपटायची.

शेपटीनंतर ती पत्ता विचारायची, फोन करणाऱ्याचा नव्हे, प्राण्याचा. पाण्याजवळ दिसला की कोरड्या माळावर, बिळातून निघाला की झाडावरून उतरला? कुणी टेकडीवरच्या खडकात पाणमांजर पाहिल्याचं सांगितलं की ती फोन कानापासून लांब धरायची आणि छताकडे बघत बसायची.

एवढं सगळं परवडलं असतं. पण रोज दुपारी दादाचा फोन यायचा.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेला, गावाबाहेर बंद पडलेल्या दगडखाणीच्या कडेला चार कोंबड्यांसोबत एकटा राहणारा. वहिनी गेल्यापासून ती त्याच्या मागे लागली होती, माझ्या घरी राहायला ये म्हणून. तिची मुलगी शिकायला बाहेरगावी गेली होती, तिची खोली रिकामी होती. दादा ऐकेल तर शपथ. शेवटी बरीच वादावादी होऊन दोघांत एक तह झाला. "हात, पाय आणि डोळे धड आहेत तोवर मी माझ्या घरात," तो म्हणाला होता. "यातलं एक जरी गेलं, तरी मुकाट्यानं तुझ्याकडे येईन." आणि वर ऐकवलं होतं, "धुक्यात पुढच्या गाडीचा नंबर वाचणारा माणूस आहे मी."

ती शब्दाला जागली. हा मात्र खाणीच्या भिंतीवर जे काही हलेल त्याची बातमी खात्याच्या नंबरवर द्यायला लागला.

"चिमणे, कोल्हा आलाय." लहानपणचं हे नाव तो ऑफिसच्या फोनवरसुद्धा सोडायचा नाही.

"शेपटी सांग."

"झुपकेदार. खाली सोडलेली."

"तोंड कसं आहे?"

"ते नाही दिसलं. वळला होता."

मुंगूस आलं तरी वळलेलं, साळिंदर आलं तरी वळलेलं. "दादा, तुझ्याकडे येणारा प्रत्येक प्राणी पाठमोराच कसा येतो रे?" असं तिनं वैतागून विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "लाजत असतील." तिनं कपाळावर हात मारून घेतला. माणसाला एकटेपणा खातो, त्याला बोलायला कुणीतरी हवं असतं, हे तिला कळत होतं. पण त्यासाठी साळिंदर कशाला हवं?

एवढ्यातच दोनदा खात्याची गाडी दादाच्या फोनवरून खाणीपर्यंत जाऊन रिकामी परतली होती. गाडीचा ड्रायव्हर काही बोलला नाही, पण साहेबांनी तिला बोलावून घेतलं. "बाई, तुमच्या भावाचा अजून एक खोटा फोन आला तर मी त्यांचा नंबर बंद करणार." त्या दिवशी तिचा पारा असा चढला की तिनं दादाला फोनवरच सुनावलं, "आता पुन्हा चुकलास ना, तर तह मोडला! बॅग भरून ठेव!"

दादा एवढंच म्हणाला, "बरं."

नंतर काही दिवस फोन आला नाही. आला तेव्हा दादाचा आवाज खाली गेलेला होता.

"चिमणे, चेष्टा नाही. खाणीच्या भिंतीवर बसलाय. शेपटी लांब आहे, खाली लोंबतेय. अंगावर ठिपके. हलत नाहीये."

लांब शेपटी, ठिपके, खडकाळ जागा. तिच्या हिशेबात उत्तर एकच येत होतं. आतल्या आत चरफडत ती उठली आणि स्वतःच गाडीत जाऊन बसली. खरंच बिबट्या असेल तर दादाला तिथं ठेवणं शक्य नव्हतं, आणि नसेल तरी ठेवणं शक्य नव्हतं. वाटभर ती ड्रायव्हरसमोर भावाचा उद्धार करत होती.

खाणीच्या भिंतीवर ठिपक्यांची चादर पडली होती. वाऱ्यानं दोरीसकट उडालेली; वाळत घालायच्या दोरीचा तुटका तुकडा तिच्याखालून लोंबत होता. चादर तिनंच त्याला दिलेली होती.

ड्रायव्हरनं तोंड फिरवून हसू दाबलं. ती तरातरा अंगणात गेली. दादा दाराशी उभा होता, कोंबडी बघते तशी मान तिरकी करून.

"ही तुझी शेपटी? ही? स्वतःची चादर ओळखू येत नाही तुला?"

दादानं मान आणखी तिरकी केली.

"इकडे बघ. मी बोलतेय तुझ्याशी. सरळ बघ माझ्याकडे!"

त्यानं मान सरळ केली. "बघतोय ना."

त्याची नजर तिच्यावर होती आणि नव्हतीही. तिनं आवाज उतरवला. "दादा, माझ्या नाकावर काय लागलंय?"

"आता ते कसं दिसणार? तू तिकडे वळलीयेस."

ती वळली नव्हती. हातभर अंतरावर, भर उन्हात, त्याच्या अगदी समोर उभी होती.

मग तोच म्हणाला, "बघायला गेलं की मधलं पुसलं जातं. कडा राहतात. मान वळवली की थोडं भागतं."

"कधीपासून?"

"बरेच दिवस झाले."

"आणि रोज फोन करत होतास ना रे मेल्या! तेव्हा सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तू खोली झाडून मोकळी झाली असतीस. आणि तू कुठे काय विचारायचीस? शेपटी विचारायचीस. ती दिसायची मला."

तिला रडू आलं आणि त्याचाच तिला सगळ्यांत जास्त राग आला. रोज तो तिला सांगत होता, तोंड दिसत नाही, तोंड दिसत नाही, आणि तिला वाटत होतं प्राणी वळतात.

"बॅग भरू?" दादानं विचारलं. जन्मभर बसभर माणसांवर ओरडलेला आवाज एवढासा झाला होता.

"बॅग कसली भरतोस! आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे चल. घराचं काय ते मागाहून भांडू."

"कोंबड्या..."

"कोंबड्या कोंडते मी! तू हो पुढे!"

तो गाडीकडे निघाला. गाडीच्या दाराची मूठ त्याला पटकन सापडली नाही, पत्र्यावरून हात चाचपडत फिरत राहिला. "समोर बघ की जरा," असं ती सवयीनं ओरडणार होती. तिनं तोंड मिटलं, पुढे झाली आणि दार उघडून दिलं.