दुखण्याची प्रतवारी

शैला गेल्याचा फोन आला तेव्हा मी ओट्यावर उघडाच बसलो होतो. नांदेडहून तिचा नवरा बोलत होता. "मामा, शैला गेली… कॉलेजात शिकवता शिकवता खाली बसली. दवाखान्यात पोचेपर्यंत काही राहिलं न्हवतं." मी नुसतं "हाव" म्हणालो आणि फोन ठेवला. शैला माझी भाची, थोरल्या अक्काची एकुलती एक लेक. पन्नाशीसुद्धा धड उलटली न्हवती. आता महिना होऊन गेला. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पेपरात लिहायची सवय न्हाई. पण तिच्याबद्दल लोकांनी विद्वान बाई, हुशार बाई असं लई लिहिलं, आणि ती करत काय होती ते कुणी सांगितलं न्हाई. ते मला ठाऊक हाय, म्हणून बसलो लिहायला.

मी धर्माबादच्या बाजारात चाळीस वर्षं मिरचीची प्रत लावली. ढिगात हात घालायचा, एक मिरची मोडायची, रंग बघायचा, बी बघायचं आणि सांगायचं, ही एक नंबर, ही दोन नंबर, ही रंग उडालेली फटकी. व्यापारी भांडायचे, हातापाया पडायचे, पण मी लावलेली प्रत कधी फिरली न्हाई. अशा माणसाला तीन वर्षांखाली डाव्या बरगडीवर नागीण उठली. फोड वाळून गेले, आग मात्र गेली न्हाई. वरून कातडी साफ, पण सदऱ्याचा काठ घासला तरी ओल्या जखमेत तिखट भरल्यासारखं व्हायचं. शिरांचं दुखणं म्हणतात त्याला. मी कुणापाशी बोललो न्हाई.

शैलाचं काम ह्याच दुखण्याचं निघालं. लातूरला शिकून ती नांदेडच्या एका कॉलेजात औषधशास्त्र शिकवायची आणि तिथंच प्रयोग करायची. अफूच्या जातीचं, पण घातक नसलेलं औषध तिला करायचं होतं. मला नागीण झाल्याचं तिला माझ्या बायकोकडून कळलं होतं. मला म्हणाली, "मामा, औषध अजून उंदरांवरच हाय. पण उद्या माणसाला द्यायची वेळ आली तर आपल्याकडच्या माणसाला दुखणं विचारायचं कसं, ते मी आतापासून शिकून राहिले. तुम्ही मला मदत करा." मग दर महिन्याला तिचा फोन यायचा. शून्य म्हणजे दुखणं न्हाई, दहा म्हणजे सहन होत न्हाई, सांगा किती. मी सांगायचो, "दोन." ती लिहून घ्यायची. असं वर्षभर चाललं.

एकदा उमरीला काही कामानं आली आणि तशीच आमच्या गावी आली. चहा देता देता माझ्या बायकोनं सांगून टाकलं, "चार महिने झाले बाई, यांनी अंगात सदरा घातला न्हाई. पुतण्याच्या लग्नालाबी गेले न्हाईत." शैलानं कप खाली ठेवला.

"उंदीर खोटं बोलत न्हाईत, मामा. तुम्ही बोलता."

"मग काय दुखतंय म्हणून गावभर रडत फिरू?"

"सगळेच म्हातारे दोन-दोन सांगायला लागले तर औषध लागू पडलं का न्हाई, मला कळावं कसं? माझी सगळी मेहनत पाण्यात घालून राहिले तुम्ही."

मी तोंड फिरवून बसलो. ती उठली, आतून सुपातल्या मूठभर मिरच्या घेऊन आली आणि एक मिरची माझ्यापुढं मोडली. "ही कोणती?"

"एक नंबर. आंधळाबी सांगंल."

"व्यापारी म्हणाला, दोन नंबर लिहा, तर लिहाल?"

"मुंडकं उडवलं तरी न्हाई."

"मग दुखण्याची प्रत खोटी का लावता?"

आजवर बाजारात मला असं कुणी धरलं न्हवतं. मी मोडलेली मिरची उचलून सुपात टाकली आणि म्हणालो, "एक नंबर हाय, पोरी, सगळ्यात जहाल. पहिल्या दिवसापासून." तिनं वर्षभराची पानं माझ्यासमोर खोडली. रागावली न्हाई. तिचे डोळे भरले होते, आणि ते मिरचीनं न्हाई.

तिनं मला नांदेडच्या डॉक्टरकडं नेलं. पहिल्या गोळ्यांनी भागलं न्हाई तेव्हा त्यांनी अफूच्या जातीतली सौम्य गोळी लिहून दिली, आणि मी ती पिशवीसकट परत केली. कारण असं की मी सात वर्षांचा असताना आई शेतात जाताना धाकट्या भावाला कणभर अफू चाटवून जायची. तेव्हा घरोघरी तशीच पद्धत होती. एका दुपारी तो झोपला तो उठलाच न्हाई. अक्काच्या मांडीवर होता. हे मी कधी कुणाला सांगितलं न्हवतं, त्या दिवशी तिला सांगितलं. शैला म्हणाली, "मला ठाऊक हाय, मामा. आईनं सांगितलंय. अफू मेंदूत जाऊन श्वास मंद करते. म्हणून तर मला असं औषध करायचंय जे दुखऱ्या शिरेपाशीच थांबंल, वर जाणार न्हाई, सवयबी लावणार न्हाई."

"मग तेच दे मला."

"अजून वर्षं लागतील. कदाचित जमणारबी न्हाई. तोवर ही गोळी डॉक्टर सांगतील तेवढीच घ्या, मामी लक्ष ठेवंल." मी घेतली. आग सगळी गेली न्हाई, पण निम्म्यावर आली. त्या वर्षी भावकीतल्या दुसऱ्या लग्नाला मी नवा सदरा घालून गेलो.

परवा नांदेडला तिच्या कॉलेजात जाऊन आलो. तिची विद्यार्थिनी प्रज्ञा तेच काम पुढं करून राहिली हाय. म्हणाली, "मामा, उंदरांचं दुखणं कमी होतंय आणि श्वासबी नीट चालतोय. अजून लई बघायचंय, पण सोडणार न्हाई." तिनं मला कोऱ्या तक्त्यांचा गठ्ठा दिला. गावात असं दुखणं असणाऱ्यांना विचारून लिहून आणायचं, एवढं माझं काम.

काल शेजारच्या पोशट्टीकडं गेलो. त्याला साखरेचा आजार, तळपाय रात्रंदिवस जळतात हे त्याच्या सुनेकडून कळलं होतं. मी विचारलं तर हसून म्हणाला, "मला काय धाड भरलीय?" मी कागद बाजूला ठेवला. त्याच्या सुनेदेखत सदरा वर केला, बरगडीवर बोट ठेवलं आणि माझं दुखणं पहिल्यापासून सांगायला लागलो. मी किती खोटं बोललो तेही सांगितलं. पोशट्टी खाली मान घालून ऐकत होता… मग त्यानं हळूच पाय पुढं केला आणि म्हणाला, "लिही."