डाव्या हाताचा सौदा

सोनाळ्याजवळच्या माळावर देशोदेशीच्या तरुण स्काउटांचा मेळावा भरला, तेव्हा तंबूंसाठी बांबू मी पुरवले. ते घ्यायला नेपाळची एक मुलगी आली. प्रत्येक बांबू ती दगडावर आपटून कान द्यायची. आवाज चिरका आला की हसून बाजूला ठेवायची. तासभर भांडून सौदा पटला आणि तिने डावा हात पुढे केला.

माझं डोकं फिरलं. "काऊन वं पोरी, डावा हात देतं? मी काय भिकारी आहो?"

"चाचा, स्काउट बायाँ ही देते हैं. दिल इसी तरफ है."

मला कुठून माहीत असणार? शाळेत खाकी चड्डी नव्हती म्हणून स्काउटच्या गुरुजींनी मला पहिल्याच दिवशी रांगेतून काढलं होतं. तो राग अजून गेलेला नाही.

मेळावा उठला त्या दिवशी मी आपणहून डावा हात पुढे केला. तिने तो घट्ट धरला. "अब आप भी स्काउट हो गए, चाचा!"

आता माळ रिकामा आहे. तरी तिथून जाताना मी गाडी थांबवतो. बांबू मी आपटल्याशिवाय घेत नाही. तिचं ते वाक्य मात्र आपटून पाहायचा धीर अजून झालेला नाही.