माळ्यावरचं गोणपाट

दिराचं लग्न ठरलं आणि घराला चुना काढायचा म्हटल्यावर माझं लक्ष माळ्याकडे गेलं. मला तेव्हा अडगळ बघवतच नसे. विहिरीवर विजेचा पंप बसून चार वर्षं झाली होती, तरी मोडलेल्या रहाटाचे दोर, गळके डबे, केळीच्या बागेतल्या फाटक्या टोपल्या, काचा गेलेले कंदील, सगळं माळ्यावर रचून ठेवलेलं. सासूबाई घरात असत्या तर एक टोपली हलवू दिली नसती. पण त्या नायगावला नणंदेच्या बाळंतपणाला गेल्या होत्या, शनिवारी येणार होत्या. म्हटलं, हीच वेळ.

सोमवारी तुळिंजचा भंगारवाला हातगाडी घेऊन आला. मी वरून फेकत होते, तो खाली झेलत होता.

"बाई, हे गोणपाटपण?" त्याने विचारलं. दोरांच्या खाली एक गाठोडं होतं, सुतळीने घट्ट बांधलेलं. वाळका कडुनिंब गळत होता त्यातून. मी न सोडताच फटीतून बोट घातलं, जुनं कापड लागलं.

"ने, ने. चिंध्या आहेत."

बदल्यात त्याने स्टीलचे दोन डबे दिले. मी ते घासून फळीवर मांडले आणि येता-जाता बघत बसले.

बुधवारी शेजारची म्हातारी मासळी घेऊन आली. माळा रिकामा बघून तिने विचारलं, "सासूचं लुगडं कुठं ठेवलंस गं?"

"कुठलं लुगडं?"

म्हातारीने टोपली खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, "मरणाचं."

आमच्या ख्रिस्ती घरात असं होतं, की लग्नातलं लाल लुगडं बाई मातीत जाताना नेसवायला राखून ठेवते. आणि जिच्या हातून नेसायचं, तिला, म्हणजे सुनेला, ते आधी दाखवायचं नाही. अख्ख्या वाडीला ठाऊक होतं ते कुठे आहे. फक्त मलाच नव्हतं.

माझ्या हातातली मासळी तशीच राहिली. मी डबे पिशवीत घातले आणि एसटीने सोपारा स्टेशन गाठलं, रूळ ओलांडून तुळिंजला. भंगारवाला चहा पीत होता.

"ताई, कपडा कालच सातिवलीला गेला. तिकडे मशीन पुसायला लागतात चिंध्या. डबे काय आणलेत, तुमचेच आहेत ते."

"मला गोदाम दाखव."

त्याला माझी दया आली असावी. एका टेम्पोवाल्याला सांगून त्याने मला पुढे बसवलं. वाटेत टेम्पोवाला दोनदा थांबला, एकदा पाण्याला, एकदा कुणाशी बोलायला. मी खाली उतरून पायीच निघणार होते.

गोदामात सात-आठ बायका कापडाच्या ढिगांत बसल्या होत्या. एक जण बटणं तोडत होती, बाकीच्या हातभर तुकडे फाडत होत्या. तो टर्र आवाज दारापर्यंत येत होता. मी लाल म्हटलं की त्या लाल काहीही उचलून दाखवायच्या, परकर, पडदा, झेंडा. शेवटी कोपऱ्यातली एक म्हणाली, "निंबाचा वास होता तेच ना? ते सकाळीच फाडलं. काठ तेवढा ठेवलाय, जरीवाला नेतो." तिने शोधून नऊ तुकडे दिले आणि काठ. "पदराने तर मशीनचं तेल पुसूनही झालं, बाई."

शनिवारपर्यंत मी धड जेवले नाही. तुकडे धुतले, वाळवले, जोडून बघितले, पुन्हा उसवले. नवरा म्हणाला, सांगूच नकोस. पण वाडीला ठाऊक असलेली गोष्ट किती दिवस झाकणार?

सासूबाई आल्या, पाय धुतले, बाकावर बसल्या. मी तुकडे त्यांच्या मांडीवर ठेवले आणि सगळं सांगितलं. त्यांचं बोलणं आमच्या घरच्या बोलीतलं. मी सगळ्यांना कळेल असं लिहिते आहे.

त्यांनी काठावरून अंगठा फिरवला.

"माझ्या लग्नाने मशीन पुसलं म्हणायचं."

"आई, चुकलं माझं."

"चुकलंच. माळ्यावर तुझं काय जळत होतं?" मग म्हणाल्या, "मग आता मला काय नेसवशील? चुना?"

मी त्यांच्या मांडीवरचे तुकडे गोळा करायला लागले. त्याच म्हणाल्या, "दुसरं आण. आणि तूच आण. लपवायचं आता काय उरलंय."

वसईच्या बाजारात मी तीन दुकानं पालथी घातली. दुकानदार विचारी, कुणासाठी, कशासाठी. काय सांगणार? हा लाल फार भडक वाटे, तो फार विटका. आणलं ते त्यांनी उलटसुलट करून बघितलं, म्हणाल्या, "नेसल्याशिवाय कळायचं नाही." आणि दिराच्या लग्नात नेसल्या. पुढे दर रविवारी चर्चला नेसायला लागल्या.

"आई, झिजेल ते."

"झिजू दे. पडून राहिलं की तू भंगारात देतेस."

सहा वर्षांनी त्या गेल्या. ते लुगडं तोवर मऊ पडलं होतं, गुडघ्याशी विरलं होतं. मीच नेसवलं. पदर काही खांद्यावर बसेना. तीनदा सोडला, तीनदा लावला. बायका म्हणाल्या, राहू दे आता, छान बसलाय, बाहेर माणसं खोळंबलीत. मी चौथ्यांदा सोडला.