खजुराच्या कारखान्याला न केलेला फोन

तो फोन मी केला नाही. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर चार ओळींनंतर मी स्वतःला शहाणा ठरवायला लागेन. सवय आहे.

दुबईच्या जबल अली बंदरावर आमचं माल पाठवण्याचं ऑफिस आहे. माल कुठे चाललाय ते कागदावर असतं, खरोखर कुठे चाललाय ते देवाला ठाऊक. वाळीत टाकलेल्या दोन देशांचं सध्या फार गूळपीठ जमलंय, असा सगळ्यांना संशय. ज्यांना कुणी लग्नाला बोलवत नाही ते एकमेकांकडेच जेवायला जाणार आणि आहेरात क्षेपणास्त्रं देणार! त्यामुळे पंप, व्हॉल्व्ह असलं काही निघालं की घेणारा खरा आहे का, ते आम्ही तपासायचं.

शेजारच्या टेबलावरची वसईची बाई यात वस्ताद. ती सरळ कारखान्यात फोन लावायची आणि भलतंच विचारायची, "भैया, आज कँटीन में क्या बना है?" खऱ्या कारखान्यात कुणीतरी वैतागून सांगतोच. खोट्यात सन्नाटा पसरतो.

त्या दिवशी गुड फ्रायडे होता. शुक्रवार म्हणजे अर्धा दिवस. बाराच्या आत कागद जायला हवे होते आणि ती अकराला चर्चला निघाली.

"पुणेकर, एकच राहिलाय. खजुराच्या कारखान्याचे व्हॅक्यूम पंप. फोन कर, मगच माझ्या लॉगिनमधून ओके दे."

"वसईकर, खजुरातून कोण बाँब बनवतं गं?"

"अक्कल नको पाजळू. फोन कर."

खाली कँटीनमध्ये बिर्याणी संपत आली होती. मी ओके दाबलं.

पुढच्या आठवड्यात कस्टमने कंटेनर अडवला. त्या पत्त्यावर कारखाना नव्हता, केस कापायच्या दुकानावरची एक खोली होती. पंप तिथून एका वाळीतल्या देशात आणि मग त्याच्या मित्राकडे, युरेनियमच्या कामाला जाणार होते, असा संशय. खरंखोटं आजही कुणी सांगत नाही. मॅनेजरने लॉगिन पाहिलं आणि तिला घरी बसवलं. नोकरी गेली की व्हिसा जाणार, आणि मुलीचं बारावीचं वर्ष नुकतंच सुरू झालेलं. तिने लिहून दिलं, 'मी फोन केला नव्हता.' माझं नाव घेतलं नाही.

आठ दिवस मी ऑफिसात जगातल्या हुकूमशहांवर फार कडक बोललो. मग त्यांच्याच थाटाचं एक निवेदन तिला पाठवलं: 'झालं ते वाईट झालं. सगळं ठीक होईल, इन्शाल्ला.' सोबत केक.

तिचा फोन आला. "केक तुझ्या बायकोला दे. काय झालं ते मला माहीत आहे रे. कुणी केलं ते बोल ना."

सोमवारी तिला राजीनाम्यावर सही करायला बोलावलं होतं. मी केबिनमध्ये घुसलो.

"हबीबी, बाद में," मॅनेजर म्हणाला.

"सर, बटन मैंने दबाया था. ये तो चर्च में थी."

त्याने तिच्यापुढचा कागद ओढून घेतला. मी पुढचं त्यालाच सांगत सुटलो, तशी ती म्हणाली, "इकडे बघ. माझ्याशी बोल."

मी वळलो. "तुझ्या नावाने ओके मी दिलं. तुझी नोकरी जातेय हे दिसत असून, माझी वाचेल म्हणून गप्प बसलो. घाबरलो होतो, पण ती सबब नाही. मला माफ कर."