‘कोरडवाहू’चा पहिला चाहता

शिरपूरच्या बसस्टॉपसमोर विकासचं सलून आहे. हात हलका, वस्तरा नवा, तरीही लोक आत शिरण्याआधी बाहेर उभं राहून कानोसा घेत. आत ‘कोरडवाहू’ वाजत असेल, तर निमूट समोरच्या इस्माईलभाईंच्या सलूनमध्ये जात.

‘कोरडवाहू’ हा वाशीमच्या चार पोरांचा रॉक बँड. त्यांनी ‘रेंज नाही’ नावाचं गाणं इंटरनेटवर टाकलं आणि त्याच्यामागे आणखी दोन जोडली, ‘कूलर’ आणि ‘दुसरी पाळी’. विकासच्या कानावर ती पडली आणि त्याचं आयुष्य बदललं. गावाचं बदललं नाही, एवढंच त्याचं दुःख.

“‘रेंज नाही’ त कोनीबी ऐकते,” तोंडाला फेस लावून बसवलेल्या पुंजाजीकाकांना तो सांगे. “खरा माल बी-साइडले असते. पयले कॅसेट उलटी केली का मांगच्या बाजूले जे गानं लागे ना, ते. आता हे ‘कूलर’ ऐका. मधात गानारा खोकलते. ते खोकलनं नाही काका, ते आपलं जगनं हाय!”

“मायी बी दुसरी बाजू राह्यली ना बाप्पा,” पुंजाजीकाका अर्धा गाल दाखवत म्हणाले. “तेवढी उरकून टाक.”

गाण्याखाली विकास लांबलचक अभिप्राय लिही. त्याला उत्तर कोणी देत नसे, म्हणून दुसऱ्या दिवशी स्वतःच सहमती दर्शवी. बायको वैभवीला तो गाणं ऐकणाऱ्यांचा आकडा अभिमानाने दाखवायचा. ती विचारायची, “इतक्या जनांनी ऐकलं म्हनता, त्यातले तुमीच किती?”

मग कळलं, बँड मंगरुळपीरला एका लग्नात वाजवणार आहे. रविवारी, ऐन गिऱ्हाइकीच्या दिवशी, विकासने शटर ओढलं आणि मोटरसायकलवर निघाला. लग्न कोणाचं, हे त्याला ठाऊक नव्हतं. पोरं हिंदी सिनेमाची गाणी वाजवत होती. ती जेवायला थांबल्यावर त्याने गायक तौसीफला गाठलं.

“भाऊ, ‘कूलर’ होऊन जाऊ द्या.”

“ते?” तौसीफ लाजला. “ते चुकून टाकल्या गेलं भाऊ. मले त्या दिवशी खोकला झाला होता. काढूनच टाकतो.”

“काढू नका!” विकास ओरडला. जेवणाच्या रांगेतले लोक वळून पाहू लागले. मग रांगेशेजारीच उभं राहून त्याने त्या खोकल्याचा अर्थ सांगितला. उन्हाळा, धूळ, बापाचं न बोलणं, सगळं त्यात होतं. बाकीची तिघं ताटं घेऊन ऐकत राहिली. त्यांच्या गाण्याबद्दल इतकं कोणी बोललंच नव्हतं, त्यांनी स्वतःसुद्धा.

त्यांनी ‘कूलर’ वाजवलं. तौसीफ खोकलला तसे नवरीचे मामा घाबरून पाण्याची बाटली घेऊन स्टेजवर चढले. गाणं तिथेच थांबलं.

पण पोरांच्या डोक्यात विकास बसला होता. पावसाळ्यानंतर त्यांचं नवं गाणं आलं. त्यात जागोजागी खोकला होता, मुद्दाम, तालात. कोणीतरी त्यावर रील बनवला आणि बघता बघता कारंज्यापासून वाशीमपर्यंत कॉलेजची पोरं बसमध्ये खोकलू लागली. एका कार्यक्रमात तौसीफने स्टेजवरून जाहीर केलं, “हे सगळं शिरपूरच्या विकासभाऊमुळं!”

गावाने सत्कार ठेवला. शाल, नारळ, फेटा. पुंजाजीकाका अध्यक्ष. “आमच्या विकासनं साऱ्या जिल्ह्याले खोकलनं शिकवलं,” ते म्हणाले आणि टाळ्या पडल्या.

विकास फेट्याखाली सुतकी चेहऱ्याने बसून होता. घरी आल्यावर म्हणाला, “बिघडले ते वैभवी. आता लोकायसाठी गाऊन राह्यले.”

“मंग कोनासाठी गावं?” तिने विचारलं.

त्याने फेटा काढून खुंटीला टांगला. त्या दिवशी तो भाकरही कमीच जेवला.

आता सलूनमध्ये गर्दी मावत नाही. तौसीफसारखे केस कापायला आसेगावहूनही पोरं येतात. विकासने दुकानातला स्पीकर काढून माळ्यावर टाकला आहे. परवा एका पोराने खुर्चीत बसल्या बसल्या मोबाइलवर तेच नवं गाणं लावलं आणि आरशातून विचारलं, “काका, तुमी बी ऐकता का असलं काही?”

“मान सरळ ठेव,” विकास म्हणाला आणि त्याने कात्री चालवायला घेतली.