मागची सीट

तरुणपणी मी माझ्या मोटरसायकलला हौसेने लांब हँडल आणि बसकी सीट लावून घेतली होती. मुलं झाल्यावर ती गाडी शेडमध्ये गेली आणि तिथेच राहिली. यंदा मी आणि माझी बायको सुमन हिवाळाभर तिचा गंज घासत बसलो. काल सकाळी इंजिन धडधडू लागलं.

"बस मागे," मी म्हणालो.

"मागे पुष्कळ बसले. आता मला चालवायला शिकवा."

माझ्या हौसेबरोबर हिचीही हौस इतकी वर्षं झाकलेली होती, हे कधी माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मोकळ्या मैदानात सुमनने बेताने क्लच सोडला. तिच्या पांढऱ्या बटा वाऱ्याने माझ्या तोंडावर येत होत्या, आणि पुढचं काही दिसत नसूनही मला फार छान वाटत होतं.